रविवार कोणाचा?

परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात एक वाक्य हमखास असतं. 'अज्ञान मुलाचा ताबा आईकडे राहील व वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील.' झालं. त्याच अर्जात पाटल्या किती तोळ्यांच्या, फ्लॅटचे हप्ते कोण भरणार, लग्नात आलेली भांडी कोणाची, यावर दोन-दोन पानं खर्ची पडलेली असतात. मुलाच्या वाट्याला दीड ओळ. मग वर्षभरात तेच दोघं पुन्हा कोर्टात उभे दिसतात, पाटल्यांसाठी नव्हे, तर त्या 'वाजवी' शब्दासाठी. वडिलांच्या लेखी वाजवी म्हणजे शनिवार संध्याकाळ ते रविवार रात्र. आईच्या लेखी वाजवी म्हणजे रविवारी दोन तास, तेही सोसायटीच्या बागेत, आजीच्या नजरेसमोर. शब्दाच्या अर्थाने पाहिलं तर दोघांचंही चूक नाही. चूक तो शब्द तसाच सोडून सही करण्यात झाली.

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या मुलाला 'अज्ञान' म्हणतात. शब्द जुना आहे, कोर्टाच्या कागदांतून अजून हलत नाही. घर मोडतंय हे घरात सगळ्यात आधी कळलेलं असतं ते बहुधा याच अज्ञान इसमाला.

मूल असलेलं जोडपं वेगळं होतं तेव्हा एका फायलीत खरं म्हणजे तीन प्रकरणं असतात. एक लग्नाचं, दुसरं पैशाचं आणि तिसरं मुलाचं. लग्नाच्या प्रकरणात कोर्ट मागे वळून बघतं, कोण कोणाशी कसं वागलं याचा पुरावा मागतं. पैशाच्या प्रकरणात आज कोणाची मिळकत किती आणि गरज किती हे तपासतं. मुलाच्या प्रकरणात मात्र कोर्टाला पुढचं बघायचं असतं: हे मूल दहावीपर्यंत, बारावीपर्यंत कुठे आणि कसं वाढेल. नवरा म्हणून नालायक ठरलेला माणूस बाप म्हणून ठीक असू शकतो, आणि ज्या बाईचं सासूशी कधी पटलं नाही ती आई म्हणून उत्तम असू शकते. भांडणात हे तिन्ही धागे एकमेकांत गुंततात. ज्यांना ते वेगळे ठेवता येतात त्यांची मुलं या सगळ्यातून बरीच सावरून बाहेर येतात, हे मी वर्षानुवर्षं कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या चढून-उतरून सांगू शकतो.

आधी स्टॅम्पपेपरचा निकाल लावू. अजूनही पुष्कळ ठिकाणी समज असा की दोन्हीकडची चार माणसं बसली, पूर्वी शंभरच्या आणि आता पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर 'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही' असं लिहिलं, नोटरीचा शिक्का घेतला, की झाली फारकत. होत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न मोडण्याचा अधिकार कोर्टाला आहे, नोटरीला नाही. काही समाजांत काडीमोडीची रूढी आहे आणि कायद्याच्या कलम २९ ने तिला जागाही ठेवली आहे. पण ती रूढी आपल्या समाजात खरोखर आणि अखंड चालत आली आहे हे पुराव्याने शाबीत करावं लागतं. बहुतेकांना ते जमत नाही. अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं की दुसऱ्या बायकोला पत्नीचा दर्जा नाही आणि नवऱ्यावर दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्याची टांगती तलवार. त्या लग्नातली मुलं तेवढी कलम १६ मुळे औरस ठरतात. 'आपल्यात पूर्वी घटस्फोट नव्हताच' असंही कुणी सांगू नये. काडीमोड जुनीच, शिवाय बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये. देशाचा कायदा त्यानंतर आला.

कोर्टाची वाट दोन प्रकारची, भांडून किंवा संमतीने. भांडून म्हणजे कलम १३. क्रूरता, निदान दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार अशी कारणं दाखवायची आणि शाबीत करायची. त्यात म्हणणं, पुरावा, उलटतपासणी, तारखा, कधी साक्षीदार गैरहजर, कधी न्यायाधीश रजेवर. मूल पहिलीत असताना लावलेला दावा मूल पाचवीत गेलं तरी चालूच, असं सहज घडतं. संमतीचं कलम १३-ब १९७६ मध्ये आलं. दोघं वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत, मग दोघांच्या सहीने अर्ज, मग सहा महिन्यांचा थांबा, मग पुन्हा दोघांनी कोर्टासमोर येऊन 'होय, आमचं ठरलंय ते कायम आहे' असं सांगायचं. या मधल्या काळात कोणी एकाने संमती काढून घेतली तर संमतीचा घटस्फोट होत नाही.

सहा महिन्यांचा थांबा माफ होतो का, हे प्रत्येक अशिलाचं पहिलं विचारणं. होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की ही मुदत अनिवार्य नाही; पण ती माफ करायला काही गोष्टी जुळल्या पाहिजेत. वेगळं राहून दीड वर्ष उलटलेलं हवं, समेटाचे प्रयत्न खरोखर होऊन फसलेले हवेत, आणि पोटगी, मुलाचा ताबा वगैरे सगळे मुद्दे प्रामाणिकपणे मिटलेले हवेत. म्हणजे लवकर सुटका हवी असेल त्याने मुलाचं आधी नीट ठरवावं, असाच या निकालाचा व्यवहारातला अर्थ. घाईघाईत 'वाजवी भेट' लिहून देणारे नेमकं याच्या उलट करतात.

'लग्न पार संपलंय, आता उरलंय काय' हे कारण कौटुंबिक न्यायालयाला स्वतंत्रपणे चालत नाही, तेही सांगून ठेवतो. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या कारणावर विवाह मोडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली असल्याचं म्हटलं, पण तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा. बातमी वाचून 'साहेब, आता सहज मिळतो ना?' असं विचारत आलेली कितीतरी माणसं मी परत पाठवली आहेत.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालयं १९८९ मध्ये सुरू झाली. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हा दावा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतो आणि पालकत्वाचा अर्ज जिल्हा न्यायालयात. दावा कुठे लावायचा याचे पर्याय कायद्याने दिले आहेत: लग्न जिथे लागलं ते ठिकाण, शेवटचं एकत्र राहिलेलं ठिकाण, समोरचा पक्ष राहतो ते ठिकाण, आणि २००३ पासून पत्नीला ती स्वतः राहते ते ठिकाणही. मुलाच्या ताब्याचा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचा अर्ज मात्र मूल नेहमी जिथे राहतं तिथेच. मुलाला रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन तिथे अर्ज ठोकणाऱ्यांना कोर्ट ओळखून असतं.

समन्स आलं की ते घ्यावं. 'घरी नाही म्हणून सांग' या युक्तीने दावा थांबत नाही, एकतर्फी चालतो. निकाल लागल्यावर धावाधाव करायची, तोवर मुलाच्या शाळेत दाखला बदललेला असतो.

कौटुंबिक न्यायालयाचं एक वेगळेपण लोकांना माहीत नसतं. इथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाच्या परवानगीचा भाग आहे. परवानगी सहसा मिळते, पण कायद्याची मूळ कल्पना अशी की नवरा-बायकोने स्वतः बोलावं. म्हणून तारखेच्या आधी दोघांना विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे काय बोललं गेलं ते गोपनीय राहतं. कोणाही एका पक्षाने मागितलं तर सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. तेव्हा समुपदेशकाकडे जाताना 'हा काय आणखी एक सोपस्कार' असा चेहरा करून जाऊ नये. ताबा आणि भेटीचा निम्मा गुंता त्या छोट्याशा खोलीत सुटतो; न सुटलेला निम्मा पुढे वर्षानुवर्षं बोर्डावर लागत राहतो.

आता मुलाचं. ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी. ताबा म्हणजे मूल रोज कोणाच्या घरी झोपतं. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने सही कोण करतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक 'पिता आणि त्याच्यानंतर माता' असे शब्द आहेत. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोखे घेताना पालक म्हणून स्वतः सही केली, तर रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला: 'त्याच्यानंतर' याचा अर्थ बाप मेल्यावर असा नाही, बाप मुलाच्या कारभारात नसेल तेव्हा, असा घ्यायचा. म्हणजे वेगळं राहून मुलाला एकटीने वाढवणारी आई ही पालकच.

त्याच कायद्यात म्हटलंय की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. यातून जन्मलेला गैरसमज फार चिवट आहे: पाच पुरी झाली की मुलगा आपोआप बापाकडे, सात झाली की मुलगी अमुककडे. वकिलांच्या टेबलापाशी बसणारे सल्लागार काकाही हे छातीठोक सांगतात. असं काहीही आपोआप होत नाही. पाचव्या वाढदिवसानंतर कसोटी एकच, जी आधीही होती: मुलाचं हित. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की बाकी सगळ्यापेक्षा तेच वरचढ. कोणाचा पगार मोठा, कोणाचा फ्लॅट मोठा, यावर ताबा ठरत नाही. पैशाची कमतरता पोटगीने भरून काढता येते. कोर्ट बघतं ते साधं असतं. शाळा तीच राहते का, दुपारी दार कोण उघडतं, आजारपणात दवाखान्यात कोण नेत आलंय, पालकसभेच्या वहीत कोणाच्या सह्या आहेत. ताब्यासाठी भांडणाऱ्या बापाला मुलाच्या वर्गशिक्षिकेचं नाव विचारलं आणि तो वकिलाकडे बघायला लागला, तर पुढचं सांगायला नको.

मूल जाणतं असेल तर त्याची पसंती कोर्ट विचारात घेऊ शकतं. न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावतात, आई-बाप बाहेर. खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसलेलं मूल 'मला बाबांकडे जायचं नाही, ते खोटं प्रतिज्ञापत्र करतात' असं म्हणालं, की प्रतिज्ञापत्र हा शब्द त्याच्या तोंडी कोणी घातला हे कळायला फार हुशारी लागत नाही. पढवलेलं मूल पढवणाऱ्याच्या विरुद्ध जातं. मुलं म्हणजे आई-बापांची मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून ठेवलंय, आणि ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो हेही. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. त्यामुळे 'ताबा जिंकला' असं पेढे वाटत सांगणाऱ्यांनी थोडं सबुरीने घ्यावं.

पैशाकडे येतो. कोर्टात त्याला खावटी म्हणतात, वर्तमानपत्रात पोटगी. दारं बरीच आहेत: हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ अंतरिम खर्चासाठी आणि २६ मुलांसाठी, घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा, आणि जुन्या फौजदारी संहितेचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. हे शेवटचं दार कोणत्याही धर्माच्या बाईला आणि मुलाला उघडं आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही ते आहेच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. कलम २४ खाली कमाई नसलेला नवराही बायकोकडे खर्च मागू शकतो, हे ऐकून चमकणारे अजून भेटतात.

या विषयातला सगळ्यात उपयोगी निकाल आपल्या नागपूरचा आहे, म्हणजे सुरुवात तिथली. 'रजनेश विरुद्ध नेहा'. मुलगा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये पत्नी घराबाहेर पडली. सप्टेंबरमध्ये अंतरिम खावटीचा अर्ज केला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने तिला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये लावले, पण तो आदेश व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला. नवरा वरच्या कोर्टात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा अंतरिम म्हणून मागितलेल्या रकमेला सात वर्षं झाली होती. मूल तोवर दुसरीत जाण्याच्या वयाचं झालं असणार.

त्या निकालाने देशभरच्या कोर्टांसाठी शिस्त घालून दिली. दोन्ही पक्षांनी मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं ठरावीक नमुन्यातलं शपथपत्र द्यायचं: पगार, बँक खाती, मुदतठेवी, गाडी, कर्जाचे हप्ते, घरभाडं, मुलाच्या शाळेचा खर्च. खोटं लिहिलं तर कारवाई. खावटी अर्जाच्या तारखेपासून मिळेल, आदेशाच्या तारखेपासून नव्हे. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढावा. एकाच वेळी दोन-तीन कायद्यांखाली अर्ज असतील तर आधीचा आदेश लपवायचा नाही. या शपथपत्रामुळे 'धंदा बुडाला' असं सांगणाऱ्याला गाडीचा हप्ता कुठून जातो याचा हिशेब द्यावा लागतो, आणि 'मी काहीच कमवत नाही' म्हणणारीलाही आपलं पासबुक दाखवावं लागतं. शपथपत्र भरायला लागण्यापूर्वी निदान तीन वर्षांची विवरणपत्रं, बँकेचे उतारे आणि मुलावरच्या खर्चाच्या पावत्या गोळा करून ठेवा. वकिलाच्या फीपेक्षा या फायलीने जास्त प्रकरणं तारली आहेत.

कलम १४४ खाली ठरलेली खावटी थकली तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा, ही मुदत अनेकजणी चुकवतात. थकवणाऱ्याला प्रत्येक थकीत महिन्यामागे एक महिन्यापर्यंत तुरुंगात जावं लागू शकतं, आणि तुरुंगात जाऊन आलं म्हणून रक्कम फिटत नाही. आणखी एक. संमतीच्या अर्जात आईने घाईत किंवा स्वाभिमानाने 'मुलासाठी मी काही मागणार नाही' असं लिहून दिलं, तरी मुलाचा हक्क तिला सोडता येत नाही. तो तिचा नाहीच, मुलाचा आहे.

आता ज्या चुकीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. खावटी दिली नाही म्हणून भेट बंद, आणि भेट बंद म्हणून खावटी बंद. न्यायालयात दोन दरखास्ती समोरासमोर उभ्या, एक पैशाची आणि एक रविवारची. दोघांनाही वाटतं आपण समोरच्याची नाडी दाबतोय. दाबली जाते ती मुलाची. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही आदेश स्वतंत्र आहेत. एक मोडला म्हणून दुसरा मोडायची मुभा मिळत नाही. पैसे थकले तर पैशाची वसुली करा, रविवार तसाच राहू द्या. भेट अडवली तर भेटीसाठी कोर्टात जा, महिन्याच्या पाच तारखेला पैसे मात्र पाठवा, तेही बँकेतून, रोख नव्हे.

यात एक अपवाद ठळकपणे सांगतो. मारहाण, दारू, मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर समजुतीचा हा सगळा सल्ला बाजूला ठेवायचा. हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, आणि भेट फक्त देखरेखीखाली किंवा अजिबात नको असंही मागता येतं.

देखरेखीखालची भेट कशी असते ते एका जिल्ह्याच्या ठिकाणी पाहिलंय. कोर्टाच्या तळमजल्यावर रंगवलेली एक खोली, भिंतीवर जिराफ, एका कोपऱ्यात चाक निखळलेली सायकल. पावणेतीनला आई आली, पाच वर्षांची मुलगी ओढणीचं टोक मुठीत धरून. तीनला बाप आला, हातात मुलीच्या उंचीएवढं टेडी बेअर. तिने ते घेतलं नाही. समुपदेशक बाई आईला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा, दार उघडंच आहे." पहिली वीस मिनिटं बाप बोलत होता, मुलगी दाराकडे बघत होती. मग त्याने टेडी बाजूला ठेवलं आणि ती मोडकी सायकल उलटी करून चाक बसवायला लागला. ते काही जमेना. थोड्या वेळाने मुलगी जवळ गेली आणि म्हणाली, "असं नाही, बाबा, आधी ते काळं काढायचं." चार वाजता रजिस्टरवर दोघांनी सह्या केल्या. टेडी तिथेच राहिलं. पुढच्या वेळी बाप येताना पाना घेऊन आला होता.

तर कागदावर काय लिहायचं? 'वाजवी' सोडून सगळं. दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी दहाला वडील इमारतीच्या गेटवरून मुलाला घेतील, रविवारी संध्याकाळी सहाला तिथेच सोडतील. मूल तापाने पडलं तर ती भेट बुडणार नाही, पुढच्या शनिवारी होईल. बुधवारी साडेसात ते आठ व्हिडिओ कॉल, फोन मुलाच्या हातात आणि स्पीकरवर नाही. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा संपर्कही मुलाचा हक्क म्हणून गंभीरपणे घ्यायला सांगितलंय. सुट्ट्यांचा महाराष्ट्रातला रूढ मसुदा म्हणजे 'दिवाळी, नाताळ व उन्हाळ्याच्या सुटीचा निम्मा काळ'. चांगला आहे, पण त्यात गणपती बसत नाहीत. सुटी जेमतेम, बाप कोकणातल्या मूळ घरी जाणार, आणि आईच्या माहेरीही गौरी. माझ्या अनुभवात दिवाळीपेक्षा याच पाच दिवसांवरून जास्त ताणतं. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असं सम-विषम सालाने लिहून टाकावं. वाढदिवस कोणाकडे, स्नेहसंमेलनाला दोघांनी यायचं का, शाळेच्या प्रगतिपुस्तकाची प्रत दोघांना मिळेल का, शस्त्रक्रियेची परवानगी कोण देईल, शहर बदलायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं, फी वाढली तर वाढीचा वाटा कोणाचा: लिहा. हे लिहिताना भांडण होतं. तेव्हाच होऊ द्यावं. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. ती कायद्यात आली नाही, पण दोघांच्या संमतीने कागदावर आणायला कोणी अडवत नाही.

मालमत्तेबद्दल एक खुलासा. घटस्फोट झाला की नवऱ्याची निम्मी मालमत्ता बायकोची, हे महाराष्ट्रात खरं नाही. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला हिस्सा देण्याची तरतूद असलेलं विधेयक राज्यसभेत २०१३ मध्ये मंजूर झालं, पुढे बारगळलं. सीमेपलीकडे गोव्यात चित्र वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्ती दोघांची समाईक, आणि वेगळं होताना ती निम्मी-निम्मी. सिंधुदुर्गातली मुलगी पेडण्यात दिली, तर तिचे हक्क तिच्या सावंतवाडीच्या बहिणीसारखे नसतात.

परदेशातल्या मराठी जोडप्यांसाठी दोन वाक्यं. हिंदू पद्धतीने इथे लग्न लागलं असेल आणि तिकडच्या कोर्टाने एकाच्या गैरहजेरीत, आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर घटस्फोट दिला, तर तो भारतात टिकत नाही. हे १९९१ पासून पक्कं आहे. आणि मूल इकडे आणलं किंवा तिकडे नेलं तर १९८० च्या हेग कराराचा आधार मिळत नाही, कारण भारत त्यात सामील नाही. इथलं कोर्ट परदेशी आदेश बघतं, पण शेवटी मुलाचं हितच तोलतं.

वकील परवडत नाही म्हणून एकतर्फी निकाल ओढवून घेऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला आणि मुलाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. नसेल जमत आत जायला, तर आधी फोन करा.

निकाल लागला की लोक पेढे किंवा डोळे पुसायचा रुमाल घेऊन घरी जातात, कागद मात्र वकिलाकडे राहतो. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं; भांडून मिळालेल्यावर अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाचा विचार करू नये. हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती त्याच आठवड्यात काढा, निदान तीन. एक शाळेच्या कार्यालयात द्या, म्हणजे फाटकावर कोण आलं तर मूल सोडायचं यावरून शिपायाची पंचाईत होत नाही. दुसरी मुलाच्या पासपोर्टसाठी. दोघांच्या सहीचा अर्ज असेल तर 'ॲनेक्शर डी' लागतं, एकट्या पालकाचा असेल तर 'ॲनेक्शर सी', आणि ताब्याचा आदेश सोबत असला की खिडकीवरचे निम्मे प्रश्न संपतात. तिसरी घरात, मुलाच्या जन्मदाखल्याच्या फायलीत ठेवा.